प्लाझ्मा मध्येच बंद पडतोय? सीएनसी टेबलवरचा ‘कधीमधी’ येणारा फॉल्ट कसा पकडायचा

आमच्या भोसरीच्या शेडमध्ये पाच बाय दहा फुटांचं प्लाझ्मा टेबल (आर्कनं, म्हणजे विजेच्या ठिणगीनं, तापलेल्या हवेच्या झोतानं प्लेट कापणारं सीएनसी मशीन) आलं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यानं घाम फोडला. चाळीस गसेट (जोडाच्या आधारपट्ट्या) कापायला लावावेत, एकोणतीस लोण्यासारखे निघावेत आणि तिसाव्याला मध्येच आर्क तुटावा. पुन्हा स्टार्ट दिलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू. सर्व्हिसवाला आला की तर हमखास शहाण्या मुलासारखं वागायचं. दीड महिन्यात नोझल-इलेक्ट्रोडचे ढीगभर संच वाया घालवले, एक कंट्रोल कार्ड बदलून घेतलं, आणि फॉल्ट होता तिथेच.

शेवटी निघालं काय, तर फॉल्ट दोन होते. एकमेकांशी काही संबंध नसलेले, पण एकाच महिन्यात उगवलेले. एकावर इलाज केला की दुसरा डोकं वर काढायचा आणि आम्हाला वाटायचं, पहिलाच परत आला.

मशीन पूर्ण बंद पडलं तर बरं असतं, कारण समोर दिसतं. कधीमधी येणारा फॉल्ट पकडायचा तर तो कशाच्या मागे लागून येतो ते शोधावं लागतं: ठरावीक वेळ, टेबलावरची ठरावीक जागा, ठरावीक प्लेट, नाहीतर शेजारच्यानं त्याच क्षणी उघडलेला हवेचा कॉक. खाली लिहिलेला क्रम ६० ते १२० अँपिअरच्या, हवेवर चालणाऱ्या प्लाझ्मासाठी आहे. फॅब्रिकेशनच्या छोट्या शेडमध्ये बहुतेक हाच असतो. पाण्यानं थंड होणारा टॉर्च असेल तर कूलंटची पातळी, फिल्टर आणि फ्लो स्विच एवढं यात वाढवा, आणि टाकीत नळाचं पाणी कधीच भरू नका.

## आधी जीव सांभाळा

पॉवर सोर्समध्ये डीसी दोन-तीनशे व्होल्टच्या घरात असतो आणि मशीन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो. कव्हर उघडायचं असेल तर मेन आयसोलेटर खाली, त्यावर ‘काम चालू आहे’ची पाटी, आणि मशीनवरच्या स्टिकरवर जितकी मिनिटं थांबायला सांगितलंय तितकी थांबायची. नोझल बदलतानाही पॉवर सोर्स बंद. हाय फ्रिक्वेन्सीवर पेटणारं मशीन असेल तर आर्क पेटवताना मल्टिमीटर टॉर्चला लावून बसू नका. मीटर जाईलच, हातही भाजेल. पाण्याच्या टेबलावर ॲल्युमिनियम कापत असाल तर खाली हायड्रोजन साठतो, तो वेगळाच धोका आहे. त्याची माहिती घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

## हाताशी काय काय हवं

- बीपवाला मल्टिमीटर, आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडलेला एक छोटा बझर (कशासाठी, ते पुढे)
- टी-जोडासकट एक चांगलं प्रेशर गेज
- पांढरा कागद किंवा छोटा आरसा
- भिंग आणि विजेरी (‘टॉर्च आण’ म्हणालात तर हेल्पर दुसराच घेऊन येईल)
- पर्मनंट मार्कर, ॲलन कीचा संच, पाने
- नोझल, इलेक्ट्रोड, स्वर्ल रिंग, शील्डचा एक पूर्ण नवा संच, फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवलेला
- स्लो मोशन व्हिडिओ घेणारा मोबाइल
- कागदपत्रं: पॉवर सोर्सचं मॅन्युअल आणि त्यातला कट चार्ट (कुठल्या जाडीला कोणतं सेटिंग, याचा तक्ता), एरर कोडची यादी, पॅनेलचं वायरिंग ड्रॉइंग, आणि कंट्रोलरच्या सगळ्या पॅरामीटर स्क्रीनचे फोटो

हे फोटो आजच काढून ठेवा. फॉल्ट शोधताना कुणीतरी सेटिंगमध्ये हात घालतोच, आणि आधी काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

## १. फॉल्टला नाव द्या

‘कट होत नाही’ एवढ्यानं काही कळत नाही. नेमकं कुठे अडलं ते बघा.

पायलट आर्क (टॉर्चमध्ये आधी पेटणारा छोटा आर्क) पेटलाच नाही? पेटला, पण प्लेटवर उतरला नाही? प्लेटवर उतरला, पिअर्स झाला (पहिलं आरपार भोक पडलं) आणि कापता कापता तुटला? की आर्क नीट चालू आहे, पण टॉर्च वर-खाली जातोय किंवा जॉबचं माप चुकतंय? हे चार वेगळे आजार आहेत. पहिल्यात संशय कॉम्प्रेसरच्या हवेवर आणि कन्झ्युमेबलवर (नोझल-इलेक्ट्रोडसारख्या झिजणाऱ्या भागांवर), दुसऱ्यात अर्थ क्लॅम्प आणि पिअर्सच्या उंचीवर, तिसऱ्यात वायरिंग, हवा आणि प्रोग्रामवर, चौथ्यात टीएचसी (टॉर्चची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आणि मेकॅनिकलवर.

डोळ्यांना हे सगळं एका क्षणात घडल्यासारखं वाटतं, म्हणून मोबाइल वेल्डिंगच्या काचेआडून स्टँडवर लावा आणि स्लो मोशनमध्ये घ्या. दुसरं म्हणजे, बंद पडल्या पडल्या पॉवर सोर्सच्या तोंडावर कोणता दिवा लागलाय किंवा कोणता कोड आलाय ते आधी बघा, मग रिसेट करा. आमचा ऑपरेटर इतका तत्पर, की मी पोचेपर्यंत रिसेट करून पुढचा तुकडा लावलेला असायचा. लाल दिवा लागला होता का, हे विचारलं तर उत्तर, ‘बघितलं नाही, दादा.’

आणि हा दिवा फार मोलाचा आहे. पॉवर सोर्सवर फॉल्टचा दिवा असेल तर पॉवर सोर्सनं स्वतःहून हात वर केले: हवा कमी, फेज गेला, तापला. दिवा नसेल आणि कंट्रोलर ‘आर्क लॉस्ट’ म्हणत असेल, तर बरेचदा प्लाझ्मा बिचारा व्यवस्थित जळत होता, कंट्रोलरलाच निरोप पोचला नाही आणि त्यानं गाडी थांबवली.

## २. वही घाला

हसू नका. दीड महिन्यात जे कळलं नाही ते मला दोन दिवसांच्या वहीतून कळलं. प्रत्येक फॉल्टला एक ओळ: वार-वेळ, गँट्री (टॉर्च वाहून नेणारी आडवी कमान) टेबलावर कुठे होती (मिमीमध्ये), प्लेट किती जाडीची, दिवा कोणता, आणि त्या वेळी शेडमध्ये आणखी काय चालू होतं. माझ्या वहीतल्या चार ओळी जशाच्या तशा देतो:

शुक्र. स. ९:१० – दिवसाचा पहिला पिअर्स, ८ मिमी, आर्क पेटेना, चौथ्यांदा पेटला.
शुक्र. ११:४० – गँट्री २३००, ८ मिमी, कापता कापता बंद, लाल दिवा नाही.
शुक्र. २:०५ – जेवणानंतरचा पहिला तुकडा, पिअर्स अर्धवट, नोझल काळं.
शनि. १२:१५ – गँट्री २२५०, ६ मिमी, कापता कापता बंद, लाल दिवा नाही.

चार ओळी एकाखाली एक आल्या आणि दोन आजार वेगळे झाले. मशीन थोडा वेळ गप्प बसून उठलं की पेटायला त्रास, हा एक. टेबलाच्या एकाच पट्ट्यात चालता चालता बंद, हा दुसरा. शुक्रवार सगळ्यात वाईट, कारण आमच्याकडे गुरुवारी वीज बंद, सुट्टी, म्हणजे पाइपलाइन चोवीस तासांहून जास्त वेळ थंड पडलेली. याचा अर्थ तेव्हा लागला नाही. पुढे हवेच्या भागात येतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं तेही वहीत लिहा. नोझल, क्लॅम्प आणि हवेचा दाब तिन्ही एकदम बदलले आणि मशीन चाललं, तर तुम्हाला काहीच समजलेलं नसतं.

## ३. कोरी फेरी मारा

ज्या प्रोग्रामवर फॉल्ट येतो तोच प्रोग्राम प्लाझ्मा बंद ठेवून, टॉर्च वर उचलून, दहा वेळा चालवा. सुरुवातीच्या जागेवर प्लेटवर मार्करनं फुली मारा आणि दर फेरीनंतर टॉर्च त्याच फुलीवर परत येतो का ते बघा.

कोऱ्या फेरीतही मशीन अडखळलं किंवा फुली चुकली, तर प्लाझ्माला दोष देऊ नका. मोटर, ड्राइव्ह, लिमिट स्विच, रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं चाक) यांच्याकडे जा. कोऱ्या फेऱ्या दहाच्या दहा बरोबर आल्या आणि प्लाझ्मा लावल्यावरच गडबड होते, तर निम्मं मशीन संशयातून सुटलं. अर्ध्या तासात निम्मं काम.

## ४. कन्झ्युमेबल बघा, पण तिथेच अडकू नका

हाताशी असतं म्हणून सगळे इथूनच सुरू करतात, आणि बरेच जण इथेच संपतात. भिंगाखाली बघायचं एवढंच:

इलेक्ट्रोडच्या टोकाला मधोमध हाफ्नियमचा ठिपका असतो. तिथला खड्डा साधारण दीड मिमीच्या पुढे गेला की तो संपला. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर हवा नीट गरगरत नाही, स्वर्ल रिंगची भोकं विजेरीसमोर धरून बघा. नोझलचं भोक गोल हवं. लंबगोल झालं किंवा कडेला ओरखडा आला की कट तिरका येणार. आर्कच्या रंगात हिरवट झाक दिसली तर हाफ्नियम संपून तांबं जळायला लागलंय, ताबडतोब थांबा, नाहीतर टॉर्चचं हेड जाईल. ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा. लोण्यासारखं थापलं तर तेच हवेच्या वाटेत जाऊन बसतं. इलेक्ट्रोड आणि नोझल जोडीनं बदला, आणि एकाच बनावटीचे वापरा.

सापळा इथे आहे. नवा संच घातला की फॉल्ट अर्धा दिवस गायब होतो आणि आपण खूश होतो. नवा संच वाईट हवा, सैल क्लॅम्प बराच वेळ सोसतो. मूळ कारण तिथेच राहतं, फक्त संच लवकर मरतो. एरवी आठवडाभर जाणारं नोझल दोन दिवसांत जात असेल तर नोझलवाल्याशी भांडण्याआधी पुढचा भाग वाचा.

## ५. हवा

माझ्या मते आपल्याकडच्या शेडमधले निम्म्याहून जास्त त्रास इथले. दोन प्रश्न आहेत, दाब पुरतो का आणि हवा कोरडी आहे का.

दाब बंद हवेवर मोजू नका. हवा थांबलेली असताना गेज सात बार दाखवेल, टॉर्चमधून वाहायला लागली की साडेचारवर येईल. टी-जोड पॉवर सोर्सच्या अगदी मागे लावा, मशीनच्या गॅस टेस्टवर हवा सोडा आणि वाहत्या हवेचा आकडा बघा. तो मॅन्युअलमधल्या कमीत कमी आकड्याच्या वर राहिलाच पाहिजे. शंभर अँपिअरच्या आसपासच्या प्लाझ्माला मिनिटाला साधारण दोनशे लिटर हवा लागते. कॉम्प्रेसर घेताना एक फसगत होते: प्लेटवर लिहिलेला आकडा बरेचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो, प्रत्यक्ष हातात पडणारी हवा त्याहून बरीच कमी. विकणाऱ्याला ‘फ्री एअर डिलिव्हरी किती?’ असं विचारा. तो घुटमळला तर समजून जा.

आकडे बरोबर असूनही अधूनमधून दाब पडत असेल तर गेजसमोर पंधरा मिनिटं नुसते उभे राहा. कॉम्प्रेसर टाकीचा दाब आठला गेला की थांबतो आणि सहाला आला की चालू होतो. तो सहाच्या जवळ असताना पेंटिंगवाल्यानं गन दाबली की प्लाझ्माचा प्रेशर स्विच ‘हवा कमी’ म्हणून आर्क तोडतो. फॉल्ट ‘अचानक’ आला असं आपण म्हणतो. पेंटरला विचारलं तर त्याला वेळ बरोबर सांगता येईल. अरुंद क्विक कपलर, बारीक आणि वेटोळे घातलेला हवेचा पाइप, तुंबलेला फिल्टर, हे तिघेही असाच दाब खातात.

आता पाणी. सात बारला हवा दाबायची म्हणजे आठ घरची माणसं एका खोलीत कोंबायची. तिच्यातल्या वाफेला जागा उरत नाही. कॉम्प्रेसरमधून हवा गरम बाहेर पडते तोवर ती वाफच असते, पाइपात गार होते तसं पाणी होतं आणि पाइपाच्या खोलगट भागात जाऊन बसतं. जुलैमध्ये पुण्याची हवा आधीच ओली. म्हणून आमचा फॉल्ट पहिल्या पिअर्सला, जेवणानंतर आणि शुक्रवारी सकाळी यायचा: तोपर्यंत लाइन गार होऊन पाणी साठलेलं असायचं, पहिल्या झटक्याला ते थेट टॉर्चमध्ये. चौथ्या प्रयत्नाला पेटायचं कारण पहिल्या तिनांनी पाणी उडवून टाकलेलं.

तपासणी सोपी आहे. आर्क पेटणार नाही अशा गॅस टेस्टवर मशीन ठेवा आणि टॉर्चखाली पांढरा कागद धरून अर्धा मिनिट हवा सोडा. ओले ठिपके दिसले तर पाणी, पिवळसर डाग दिसला तर कॉम्प्रेसरचं तेल. आरशावर धुकं धरलं तरी पाणीच. ही तपासणी दुपारी चालू लाइनवर करू नका, सकाळी सगळ्यात आधी करा. मी पहिल्यांदा दुपारी केली, कागद कोरडा निघाला आणि हवेला निर्दोष सोडून दिलं. आणखी तीन आठवडे त्यात गेले.

इलाज असा केला: टाकीचा ड्रेन कॉक रोज दोनदा उघडायचा, हे काम एकाच माणसाच्या नावावर. पाइपलाइनला कॉम्प्रेसरपासून पुढे हलका उतार, शेवटी खाली एक ड्रेन, आणि मशीनला जाणारी फांदी मुख्य पाइपाच्या वरच्या अंगानं काढलेली. पाणी खालून वाहतं, हवा वरून घ्यायची. वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून होता, तो मशीनजवळ आणला. सेपरेटर फक्त पाण्याचे थेंब पकडतो, गरम हवेतली वाफ त्यातून सरळ निघून जाते. एवढ्यानं ऐंशी टक्के फरक पडला, उरलेला रेफ्रिजरेटेड ड्रायर घेतल्यावर. पैसे लागतात, पण वर्षाच्या नोझलांचा हिशेब मांडून बघा.

## ६. अर्थ

कामाचा अर्थ आणि जमिनीतला अर्थ या दोन गोष्टी आहेत. कामाचा अर्थ म्हणजे क्लॅम्पवाली जाड केबल, आर्कचा करंट तिच्यातून परत येतो. जमिनीतला अर्थ माणसाला शॉकपासून आणि कंट्रोलरला नॉइजपासून (तारांत घुसणाऱ्या विजेच्या गोंधळापासून) वाचवतो. एक नीट असला म्हणजे दुसरा नीट असतो असं नाही.

क्लॅम्प टेबलाच्या पायाला लावलेला असेल तर करंट पायातून फ्रेममध्ये, फ्रेममधून गंजलेल्या, स्लॅग चढलेल्या, प्लेट जिच्यावर टेकते त्या पट्ट्यांत आणि तिथून प्लेटमध्ये जातो. प्लेट जड असली की टेकते, काम होतं. पातळ पत्रा पिअर्सच्या उष्णतेनं जरासा उचलला की संपर्क गेला, आर्क उतरत नाही. फॉल्ट फक्त पातळ पत्र्यावर किंवा शीट जवळपास संपत आल्यावर येत असेल तर हेच धरा. क्लॅम्प थेट प्लेटवर, ग्राइंडरनं चकाकवलेल्या जागी लावून दिवसभर काम करा. फॉल्ट गेला तर पट्ट्या बदलायची वेळ झाली.

लगची (केबलच्या टोकाच्या जोडाची) तपासणी: दहा मिनिटं सलग कापा, मशीन बंद करा, आणि टेंपरेचर गननं केबलची दोन्ही टोकं बघा. बाकी केबलपेक्षा लग जास्त गरम असेल तर आत सैल आहे किंवा धागे तुटलेत. हाताने बघायचं तर हाताची मागची बाजू जवळ नेऊन, पकडून नाही.

## ७. केबल चेन

माझा दुसरा फॉल्ट इथे, गँट्रीबरोबर हलणाऱ्या तारा धरून ठेवणाऱ्या साखळीत होता. गँट्री २२०० ते २४०० च्या पट्ट्यात आली की चेनचा एक दुवा बरोबर एकाच जागी वाकायचा, आणि त्यातली आर्क ओकेची एक तार इन्सुलेशनच्या आत तुटलेली होती. बाहेरून केबल नवी कोरी. वाकली की टोकं दूर, सरळ झाली की पुन्हा चिकटली.

आर्क ओके म्हणजे पॉवर सोर्सकडून कंट्रोलरला मिळणारा ‘आर्क प्लेटवर उतरला, चालू दे’ हा निरोप. बहुतेक मशीनमध्ये तो एका साध्या रिलेच्या दोन तारांवरून जातो. तार हलली, निरोप तुटला, कंट्रोलरनं सगळं थांबवलं.

पकडायची रीत: सगळं मशीन बंद करून आयसोलेटर खाली पाडा. जोडीच्या दोन्ही तारा दोन्हीकडून सोडवा. एका टोकाला त्या एकमेकींना पिळून जोडा, दुसऱ्या टोकाला बॅटरी आणि बझर लावा. आता हेल्परला गँट्री हाताने, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलायला सांगा. मल्टिमीटरचा बीप बरेचदा सुस्त असतो, क्षणभराची तूट त्याला समजत नाही. साधा बझर लगेच बोलतो. आमच्याकडे सलग कुईं चालला होता आणि २२८० ला एकदम अर्धा क्षण गप्प. हेल्परनं गँट्री मागे घेतली, पुन्हा गप्प. पंखा बंद करून तीनदा ऐकलं.

चेनमधून जाणाऱ्या प्रत्येक जोडीला हीच परीक्षा द्या: टॉर्च स्टार्ट, लिमिट स्विच, टॉर्चच्या धडक-सेन्सरची, उंचीची. नवी केबल टाकताना चेनमध्ये वाकण्यासाठीच बनवलेली मऊ केबल घ्या. घरगुती वायरिंगची पीव्हीसी केबल वर्षभरात कडक होऊन तुटते. चेन गच्च भरू नका, सिग्नलच्या तारा टॉर्चच्या लीडपासून जमेल तेवढ्या दूर ठेवा.

एक गोष्ट मुळीच करू नका. आर्क ओके कंट्रोलरवर कायमचा शॉर्ट करून ‘फॉल्ट घालवला’ असं सांगणारे बरेच भेटतील. मग आर्क तुटला तरी गँट्री पुढे धावत राहते, अर्धा जॉब न कापताच, आणि ते कळतं प्लेट उचलताना. तपासणीपुरतं पाच मिनिटं ठीक.

## ८. उंची

पिअर्स करताना टॉर्च फार खाली असेल तर उडालेलं वितळलेलं लोखंड नोझलवर येतं, फार वर असेल तर आर्क उतरत नाही. पिअर्सची उंची साधारणपणे कटच्या उंचीच्या दीड ते अडीचपट असते, पण अंदाज नको, कट चार्ट उघडा.

टॉर्च प्लेटला टेकून उंची शोधतो तेव्हा दोन फसवणुका होतात. प्लेटवर रंग, प्रायमर किंवा जाड गंज असेल तर विद्युत स्पर्श होतच नाही, टॉर्च प्लेट ढकलत खाली जातो. उलट, शील्ड आणि नोझलमध्ये स्लॅगचा कण किंवा पाणी अडकलं तर हवेतच ‘टेकलो’ असा खोटा निरोप जातो आणि पिअर्स दोन बोटं वरून होतो. जुनी गंजकी प्लेट आली त्याच दिवशी फॉल्ट वाढले का, हे वहीत बघा.

टीएचसी आर्कच्या व्होल्टवरून उंची धरतो: व्होल्ट वाढले म्हणजे टॉर्च वर गेला असं त्याला वाटतं आणि तो खाली येतो. इलेक्ट्रोड झिजला तरी व्होल्ट वाढतात. त्यामुळे शिफ्टच्या शेवटी टॉर्च हळूहळू खाली उतरत प्लेटला घासू लागतो आणि दोष टीएचसीला मिळतो. कोपऱ्यात वेग कमी होतो, तिथेही व्होल्ट वाढतात आणि टॉर्च नाक खुपसतो. फॉल्ट फक्त कोपऱ्यात आणि छोट्या भोकांवर येत असेल तर कंट्रोलरमध्ये कोपऱ्याला टीएचसी गोठवायचं सेटिंग असतं, ते चालू आहे का बघा. आधी कापलेल्या फटीवरून टॉर्च गेला तरी तसंच होतं, कधी आर्कच तुटतो. तो दोष नेस्टिंगचा (प्लेटवर तुकडे मांडण्याचा), लीड-इन (कट सुरू होण्याची वाट) हलवा.

## ९. नॉइज आणि वीज

कोऱ्या फेऱ्या बरोबर, पण आर्क पेटताच स्क्रीन गोठते, माउस उड्या मारतो किंवा लिमिट स्विच लागलेला नसताना ‘लिमिट’ येतं, तर तो नॉइज. हाय फ्रिक्वेन्सीवर पेटणाऱ्या मशीनमध्ये हे जास्त. टेबल, पॉवर सोर्स आणि पॅनेल यांचे अर्थ एकाच जागी, एकेका स्वतंत्र तारेनं आणा, साखळी करू नका. सिग्नल केबलचं शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. लांबलचक यूएसबी केबल असेल तर ती आधी आखूड करा.

तीन फेजचा विजेचा दाब पॉवर सोर्सच्या टर्मिनलवर, आर्क चालू असताना बघा, पण हे काम वायरमनचं. रिकाम्या मशीनवर ४१५ व्होल्ट दिसतात आणि लोड आला की एक फेज दबतो. एमसीबीचा एक स्क्रू सैल असला तरी पुरतो.

## १०. पिनियन

माप कधीमधी चुकत असेल तर पिनियन आणि मोटरच्या शाफ्टवर मिळून मार्करनं एक सरळ रेघ मारा. दोन दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर ग्रब स्क्रू सैल आहे. रॅकच्या दातात बसलेली लोखंडाची पूड ब्रशनं काढा. हवेनं उडवलीत तर ती बेअरिंगमध्ये जाते.

## ११. सर्व्हिसवाल्याला बोलावताना

‘मशीन नीट चालत नाही’ असं फोनवर सांगू नका. वहीच्या पानाचा फोटो, फॉल्टच्या क्षणाचा व्हिडिओ, वाहत्या हवेचा दाब आणि कोऱ्या फेरीचा निकाल, एवढं आधी पाठवा. यायच्या दिवशी फॉल्ट जिथे हमखास येतो तीच प्लेट, तोच प्रोग्राम तयार ठेवा, आणि ओल्या हवेचा संशय असेल तर त्याला दुपारी नको, सकाळी पहिल्या पिअर्सला बोलवा.

कार्ड बदलायचं म्हणाला तर जुनं कार्ड तुमच्याकडेच ठेवून घ्या, आणि खरं कारण सापडल्यावर ते एकदा परत लावून बघा. माझं लावून बघितलं. आजही तेच चालतंय, नवं कपाटात पडून आहे.